देशाचा शेअर आणि डेरिव्हेटिव्ह बाजार केवढा? कुठल्या काट्यावर मोजायचा?

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत वाणिज्य शिकवते. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी विषय घेतलाय: भारतातल्या शेअर, रोखे आणि डेरिव्हेटिव्ह (शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले वायदे आणि ऑप्शन) बाजाराचा आकार. मुलगी तासगावकडची, घरी द्राक्षबाग, वडील बेदाणा करतात. परवा ती मसुदा घेऊन घरी आली. पहिल्याच पानावर लिहिलेलं, "भारतात एका दिवसात देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून जास्त डेरिव्हेटिव्हची उलाढाल होते." मी लाल पेन उचलला आणि तो तसाच हातात राहिला. आकडा तिनं मनानं लिहिलेला नव्हता. २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) एकेका दिवसाची नोशनल, म्हणजे करार ज्यावर आहे त्याच्या पूर्ण किमतीनं मोजलेली, उलाढाल ४०० लाख कोटींच्या वर गेलेली आहे, आणि २०२३-२४ चा देशाचा जीडीपी ३०० लाख कोटींच्या आसपास. वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते साफ चुकीचं आहे.

दुसऱ्या पानावर बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) मार्केट कॅपमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्या शेअरच्या बाजारभावानं होणाऱ्या किमतीत, एनएसईचं मार्केट कॅप मिळवून तिनं नऊशे लाख कोटींच्या घरातला आकडा काढला होता. बहुतेक मोठ्या कंपन्या दोन्हीकडं नोंदलेल्या असतात, म्हणजे तीच कंपनी दोनदा धरली गेली. ते मी तिथंच खोडलं.

पण पहिल्या पानाचं काय करू? पुस्तकी उत्तर मला येतं. मला हवंय ते असं, की तिच्या वडिलांनी बेदाण्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या ऐकलं तरी कळावं. बाजारात, बँकेत, हिशेबात काम करणारी माणसं इथं आहेत म्हणून विचारते.

मापाडी_यार्ड | रविवार, रात्री १०:०५

मॅडम, मी मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर असतो. वडीलही मापाडीच होते. शेअरमधलं मला फार कळत नाही, मोजण्यातलं कळतं म्हणून लिहितो.

"आज किती हळद झाली?" असं कुणी फोनवर विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करतो, आवक विचारताय, शिल्लक विचारताय की सौदे? तिन्ही पोत्यांतच मोजतात आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाही. मागच्या हंगामातली गोष्ट. एका अडतीत ८० पोत्यांची थप्पी लागली होती. सकाळी सौद्यात एकानं घेतली, दुपारी त्यानं दुसऱ्याला दिली, संध्याकाळी दुसऱ्यानं पॉलिशवाल्याला. थप्पी जागची हलली नाही. पोत्यावरची खडूची खूण तेवढी तीनदा पुसून नवी काढली, मी स्वतः पाहिलीय. सौद्याच्या वह्या एकत्र केल्या तर २४० पोती. गोदामात ८०. शेतकऱ्याच्या पट्टीवरही ८०च.

आता २४० हा आकडा खोटा म्हणायचा का? नाही. तीन माणसांनी तीनदा व्यवहार केला, तीनदा पैसे फिरले. पण "सांगलीत २४० पोती हळद आहे" असं म्हटलं तर ते खोटं.

सीए_मिरज | रविवार, रात्री १०:४८

वरचा प्रतिसाद मुलीनं जसाच्या तसा प्रकल्पात घ्यावा. साठा आणि उलाढाल यातला फरक पक्का झाला की अर्धा गोंधळ तिथंच संपतो. मार्केट कॅप हा साठा. थकीत रोखे हा साठा. दिवसाची उलाढाल हा प्रवाह. जीडीपी हासुद्धा प्रवाहच, पण वर्षभराचा, आणि त्यात फक्त नव्यानं निर्माण झालेलं मूल्य धरतात. पोतं तीनदा विकलं गेलं तरी जीडीपीत हळद एकदाच मोजली जाते, फार तर व्यापाऱ्याचा नफा वर पडतो. म्हणून डेरिव्हेटिव्हची उलाढाल जीडीपीशेजारी मांडणं हीच मुळात चूक.

पण डेरिव्हेटिव्हमध्ये आणखी एक पदर आहे आणि तो हळदीत नाही. तिथं पोतंच नसतं. म्हणजे उदाहरणच घेऊ. निफ्टी, म्हणजे एनएसईचा पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, समजा २५,००० ला आहे. लॉट, म्हणजे एका सौद्याचं ठरलेलं माप, समजा ७५ चा. मी एक कॉल ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावानं पुढं घेण्याचा हक्क, घेतला; ठरलेला भाव आजच्याहून बराच लांबचा, त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम २० रुपये. माझ्या खिशातून गेले ७५ गुणिले २०, म्हणजे १,५०० रुपये. अधिक दलाली, कर. आणि नोशनल उलाढालीत माझ्या नावावर किती चढले? ७५ गुणिले २५,०००, म्हणजे १८,७५,००० रुपये. दीड हजार दिले, पावणेएकोणीस लाख मोजले गेले. बाराशे पन्नास पट.

ते पावणेएकोणीस लाख कुणी कुणाला दिले नाहीत, देणारही नाही. निर्देशांकाचे सौदे रोखीत मिटतात, मुदतीच्या दिवशी फक्त फरक हाती येतो किंवा जातो. निफ्टीची टोपली कुणी कुणाच्या दारात आणून ठेवत नाही. शेअर-डेरिव्हेटिव्हचं तसं नाही, त्यात ऑक्टोबर २०१९ पासून सगळीकडं प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात.

त्यामुळं विद्यार्थिनीला सांगा: नोशनल आणि प्रीमियम हे दोन आकडे नेहमी शेजारी-शेजारी लिही. उलाढालीवरचा रोखे व्यवहार कर ऑप्शन विकताना प्रीमियमवरच लागतो, नोशनलवर नाही. खुद्द सरकारनं कशाला हात घातलाय ते बघितलं की खरा पैसा कुठं आहे ते कळतं.

आणखी एक, माझ्या धंद्यातलं. प्राप्तिकरासाठी एफ अँड ओची (फ्युचर-ऑप्शनची) 'उलाढाल' ही तिसरीच गोष्ट असते. तिथं प्रत्येक सौद्याचा नफा किंवा तोटा घेऊन, उणे चिन्ह काढून, सगळ्यांची बेरीज करतात. एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या धंद्याच्या तीन उलाढाली निघतात आणि तिन्ही कायदेशीर. मार्चअखेरीला घाबरलेली पोरं माझ्या ऑफिसात येतात, "काका, माझी उलाढाल दहा कोटी दाखवतीय, ऑडिट लागणार का?" अशी. बहुतेकांचं लागत नाही.

हरिपूरकर | सोमवार, सकाळी ६:३०

मॅडम, मी जुना माणूस. हरिपुरात आमची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरनं तोंड बंद. २००५ च्या पुरात लई पेवं गेली, आमचीबी गेली.

माझं आजोबा सांगायचं, पेवाचं तोंड न उघडता आतली हळद दोन-दोन, तीन-तीन हात फिरायची. ज्याच्या हातात चिठ्ठी त्याची हळद. आता तुम्ही सगळे जे म्हणताय साठा आणि उलाढाल, ते त्यांना शाळा न शिकता ठाऊक होतं. पेवं किती आन चिठ्ठ्या किती, हे दोन्ही ते वेगळं ध्यानात ठेवायचे. एका पेवावर दोन चिठ्ठ्या निघाल्या की गावात बोंब.

आन वायदा म्हणजे मुंबईचंच काहीतरी असं पोरांना वाटतं. आपल्या सांगलीतच स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होतं, हळदीचा वायदा तिथं चालायचा. मुलीला हे सांगा. तिच्या गावापासनं तासाभराच्या वाटेवर वायदेबाजार होता.

सीए_मिरज | सोमवार, सकाळी ८:१५

हरिपूरकर काका, चिठ्ठीवरून आठवलं. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात नेमकं हेच होतं. बँकांमध्ये सरकारी रोख्यांऐवजी नुसत्या बँक रिसिटा फिरत होत्या आणि काही रिसिटांच्या मागं रोखे नव्हतेच. चिठ्ठ्या मोजल्या असत्या तर बाजार मोठा दिसला असता. पेवं मोजणारं कुणी नव्हतं. नंतर शेअर-रोख्यांच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या संस्था आल्या, एनएसडीएल १९९६ मध्ये, सीडीएसएल १९९९ मध्ये, आणि चिठ्ठीची जागा डिमॅटच्या नोंदीनं घेतली. आज शेअर किती हे एका जागी कळतं. मोजमापाच्या दृष्टीनं माझ्या मते गेल्या तीस वर्षांतली ही सगळ्यात मोठी गोष्ट, शेअर निर्देशांक कुठं पोचला त्याहून मोठी.

पेठभाग | सोमवार, दुपारी १:२०

डेरिव्हेटिव्हचं पटलं. पण मार्केट कॅपला तुम्ही सगळे सहज सोडून दिलंत. ते तरी खरं आहे का? सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला बीएसईवरच्या कंपन्यांचं मूल्य ४७७ लाख कोटींच्या पुढं होतं. फेब्रुवारी २०२५ अखेर ते ३८४ लाख कोटींवर आलं. नव्वद लाख कोटींहून जास्त पाच महिन्यांत. टीव्हीवर रोज "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले". कुठं गेले? माझ्या खात्यातून तर कुणी काढून नेले नाहीत. मी एकही शेअर विकला नाही.

मापाडी_यार्ड | सोमवार, दुपारी २:०२

पेठभाग दादा, हे आमच्याकडं दर हंगामात होतं. समजा आज यार्डात दोनशे पोत्यांचा सौदा क्विंटलला १८,००० नं निघाला. लगेच गावोगावी ज्याच्या घरात हळद पडलीय तो हिशेब करतो, माझी पन्नास क्विंटल म्हणजे नऊ लाख झाले. विकली दोनशेच पोती, भाव लागला सगळ्या जिल्ह्याच्या हळदीला. दुसऱ्या आठवड्यात १४,००० निघाला की त्याचे दोन लाख गेले. खरं तर ना आले होते ना गेले. सगळी हळद एका दिवशी काट्यावर आली असती तर १८,००० कधीच निघाला नसता.

पलूसचा_मुंबईत | सोमवार, रात्री ९:५५

मूळ गाव पलूस, सध्या मुंबईत क्लिअरिंगच्या, म्हणजे झालेले सौदे मिटवण्याच्या, कामात. हा धागा दुपारीच वाचला, घरी आल्यावर लिहितो.

मापाडी दादांनी मार्केट कॅपचं मर्म सांगितलं: शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळे शेअर. त्यातले कितीतरी शेअर प्रवर्तकांकडं असतात, ते बाजारात येतच नाहीत. म्हणून सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून आणि निफ्टी जून २००९ पासून फ्री फ्लोटवर मोजतात, म्हणजे फक्त फिरता माल. देशाचा आकार सांगताना मात्र पेपरात पूर्ण मार्केट कॅपच छापतात.

त्यात आणखी एक दुहेरी मोजणी दडलेली असते. बजाज फायनान्सचे निम्म्याहून जास्त शेअर बजाज फिनसर्वकडं आहेत. बजाज फिनसर्वचा मोठा वाटा बजाज होल्डिंग्जकडं. तिन्ही कंपन्या बाजारात नोंदलेल्या. बजाज फायनान्सची एक रुपयाची किंमत तिच्या स्वतःच्या मार्केट कॅपमध्ये येते, तिचा काही भाग फिनसर्वच्या किमतीत पुन्हा येतो, आणि त्यातला काही होल्डिंग्जच्या किमतीत. देशाची बेरीज करताना हे कुणी वजा करत नाही. आपल्याकडच्या किर्लोस्कर इंडस्ट्रीज आणि किर्लोस्कर फेरसचंही तेच, पालक आणि पोटची दोन्ही नोंदलेल्या. किर्लोस्करवाडी पलूसला लागूनच, म्हणून हे उदाहरण मला आधी आठवतं.

आता डेरिव्हेटिव्ह. तुम्ही वाचलं असेल की एनएसई करारांच्या संख्येत जगातला सगळ्यात मोठा डेरिव्हेटिव्ह बाजार आहे, २०१९ पासून सलग. अभिमानाची बातमी म्हणून छापली जाते. पण करार हे माप म्हणजे पोत्याचं वजन न सांगता पोती मोजण्यासारखं आहे. कोरियाचं बघा. कोस्पी २०० च्या ऑप्शनमुळं कोरिया एकेकाळी पहिल्या क्रमांकावर होता. २०१२ मध्ये तिथल्या नियामकांनी कराराचा गुणक (निर्देशांकाच्या एका अंकामागं किती पैसे) एक लाख वॉनवरून पाच लाख वॉन केला आणि तो क्रमांक गेला. कोरियाचा बाजार रातोरात आटला नव्हता, पोतं पाचपट मोठं झालं आणि छोट्यांना ते उचलेना. आपल्याकडं सेबीनं १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं निर्देशांक कराराचं किमान मूल्य १५ लाख केलं, निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. म्हणजे तेवढाच धंदा असता तरी करारांची संख्या एक तृतीयांश झाली असती. चीनचे वायदेबाजार तर २०१९ पर्यंत एकच सौदा खरेदी आणि विक्री असा दोनदा धरायचे. २०२० पासून एकदा धरू लागले. जुन्या तक्त्यात चीन पाहिला तर निम्मा करून वाचावा लागतो.

ओपन इंटरेस्ट हे जास्त इमानी माप. दिवसभरात कितीदा आत-बाहेर केलं ते सोडून द्यायचं, संध्याकाळी किती सौदे उभे राहिले तेवढं मोजायचं. मापाडी दादांच्या भाषेत थप्पी. पण त्यातही लांबचा ऑप्शन आणि फ्युचर (ठरल्या भावानं घ्यायचं-द्यायचं बंधन असलेला वायदा) एकाच वजनाचे धरले जायचे. मे २०२५ मध्ये सेबीनं ते बदललं, आता ऑप्शनचं ओपन इंटरेस्ट डेल्टानं (निर्देशांक एका अंकानं हलला तर ऑप्शनचा भाव किती हलेल त्या प्रमाणानं) गुणून फ्युचरच्या बरोबरीत आणून मोजायचं. वरच्या उदाहरणातला पावणेएकोणीस लाखांचा ऑप्शन घ्या, डेल्टा ०.०५ असेल तर तो सुमारे ९४ हजार रुपयांचा धरला जाईल. हे मला फार योग्य पाऊल वाटतं. निर्देशांक जरासा हलला तर ह्या सौद्याचा धक्का किती बसेल, त्याचं ते माप आहे.

आणि एक गोष्ट क्लिअरिंगवाला म्हणून सांगतो, बाहेर फारशी बोलली जात नाही. फ्युचरचं बाजारमूल्य रोज संध्याकाळी शून्य होतं. रोजचा नफा-तोटा त्या दिवशीच इकडून तिकडं होतो, दुसऱ्या सकाळी पाटी कोरी. त्यामुळं "फ्युचरचा साठा किती रुपयांचा" या प्रश्नाला हिशेबाच्या भाषेत उत्तर शून्य येतं. मागं उरतं ते सौदे मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडं हमीपोटी ठेवलेलं मार्जिन. खरा, मोजता येणारा, जप्त होऊ शकणारा पैसा तो.

तासगाव_बेदाणा | सोमवार, रात्री १०:३०

कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा आणि त्याच्या पावतीवर काढलेलं तारण कर्ज, दोन्ही मिळवून आमच्याकडं काही जण स्वतःला दुप्पट श्रीमंत समजतात. एवढंच.

नागरी_बँक_लेखापाल | मंगळवार, सकाळी ११:१०

रोख्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. सगळा धागा शेअरवर चाललाय, पण देशाच्या रोखे बाजारात सरकारी रोख्यांचा हिस्सा अवाढव्य आहे. एकट्या केंद्राचे थकीत रोखे १०० लाख कोटींच्या वर आहेत, राज्यांचे वेगळे. कंपन्यांचे रोखे मार्च २०२५ मध्ये सुमारे ५३ लाख कोटी.

इथं मोजणीचा प्रश्न वेगळा. शेअरला दर्शनी किंमत कुणी विचारत नाही, रोख्यांत मात्र बहुतेक आकडे दर्शनी किमतीवरच देतात. आमच्या बँकेकडं ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा केंद्राचा रोखा आहे. दर्शनी १०० रुपये. बाजारात व्याजदर चढले की तो ९६ ला मिळतो, उतरले की १०३ ला. देशाच्या बेरजेत तो १०० च. सरकारला किती फेडायचंय हा प्रश्न असेल तर १०० बरोबर. आमच्याकडं किती मालमत्ता आहे हा प्रश्न असेल तर बाजारभाव बरोबर. आम्ही तो मुदतपूर्तीपर्यंत धरणार म्हणून पुस्तकात खरेदीच्या किमतीनं ठेवलाय, म्हणजे तिसरा आकडा. लेखापरीक्षक दरवर्षी तिन्ही विचारतात.

शिवाय हा माल फिरत नाही. बँकांना ठेवींच्या १८ टक्के एसएलआर, म्हणजे मुख्यतः सरकारी रोख्यांत बांधून ठेवायचा हिस्सा, ठेवावाच लागतो, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी घेतात ते ठेवायलाच. साठा डोंगराएवढा, उलाढाल त्यामानानं शांत. शेअर-ऑप्शनचं बरोबर उलटं. देशाच्या दोन बाजारांना एकच माप लावलं तर एकावर अन्याय होणारच.

पलूसचा_मुंबईत | मंगळवार, दुपारी १२:४०

लेखापाल साहेब, अगदी. बँकांच्या व्याजदर स्वॅपचंही सांगायला हवं होतं, तुम्ही आठवण केलीत. दोन बँकांनी १०० कोटींवर स्वॅप केला, एक ठरलेलं ६.५ टक्के देणार, दुसरी बदलतं, समजा ६.४. वर्षाला हात बदलणार दहा लाख. नोंद होणार १०० कोटी. बासेलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, बीआयएस, असे एक्स्चेंजबाहेर थेट दोघांत होणारे सौदे वर्षातून दोनदा मोजते. जून २०२४ अखेर नोशनल ७३० लाख कोटी डॉलरच्या आसपास, आणि त्याच सौद्यांचं बाजारमूल्य सुमारे १७ लाख कोटी डॉलर. चाळीसपटीहून जास्त फरक आणि दोन्ही एकाच तक्त्यात छापतात. दोन डीलरनी एकच सौदा आपापला कळवला असेल तर तो एकदा वजाही करतात. विद्यार्थिनीनं तो तक्ता नक्की पाहावा, मोजणी कशी मांडावी याचा तो मला चांगला नमुना वाटतो.

"देशाचा" म्हणजे कुणाचा हेही तिनं पहिल्या पानावर ठरवावं. निफ्टीचे सौदे सिंगापुरात व्हायचे ते ३ जुलै २०२३ पासून गुजरातच्या गिफ्ट सिटीत आले. रुपयाचे सौदे लंडन-सिंगापुरात होतात, आपल्या बाजाराच्या आकड्यात ते नसतात. इन्फोसिसच्या शेअरची पावती (एडीआर) न्यूयॉर्कमध्ये विकली जाते.

कवठेमहांकाळ_९ | मंगळवार, रात्री ११:२२

दोन दिवस वाचतोय. लिहू का नको असं चाललेलं.

माझा धाकटा भाऊ. शिक्षण डी.एड., नोकरी नाही, ट्रॅक्टर चालवतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मोबाईलवर एका अ‍ॅपमधून निफ्टीचे ऑप्शन करायला लागला. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, मुद्दा तो नाही. तेव्हा गुरुवार मुदतीचा दिवस असायचा. लॉट तेव्हा २५ चा होता. तो दहा लॉट घ्यायचा, अठरा-वीस रुपयांचे, म्हणजे साडेचार-पाच हजारांचा सौदा. आत, बाहेर, आत, बाहेर. त्या दिवशी नऊ वेळा. संध्याकाळी जेवताना मला मोबाईल दाखवला, "दादा, आज माझी उलाढाल दहा कोटी ऐंशी लाख." डोळ्यांत चमक होती त्याच्या. वरच्या सीए साहेबांच्या हिशेबानं मी आज मांडून बघितलं: २५० गुणिले २४,००० म्हणजे साठ लाख, खरेदी-विक्री मिळून अठरा वेळा. बरोबर दहा कोटी ऐंशी लाख येतात. त्या दिवशी त्याच्या खात्यातून कमी झाले होते सहा हजार दोनशे रुपये.

पुढच्या गुरुवारी शेवटचा सौदा त्यानं बेचाळीस रुपयांना घेतलेला. तीन वाजता पाच पैसे. मी शेजारी बसलेलो. आकडा ०.०५ वर थांबून राहतो, शून्य पण दिसत नाही. वर्षाअखेर एक लाख नव्वद हजार गेले, त्यातले साठ आईच्या बचत गटातून काढलेले.

मला एवढंच विचारायचंय. हा बाजार मोजताना माझ्या भावाचे एक लाख नव्वद हजार कुठल्या आकड्यात येतात? दहा कोटी तर येतात म्हणे.

सीए_मिरज | बुधवार, सकाळी ७:५०

भाऊ, येतात. आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर आणि निर्देशांकाचे डेरिव्हेटिव्ह करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, खर्च धरून. एकूण १.८ लाख कोटींच्या वर. तुमच्या भावाचा आकडा सरासरीच्या अगदी जवळ आहे. पुढच्या अभ्यासात २०२४-२५ साठी तोट्यातले ९१ टक्के, आणि एका वर्षाचा एकत्र तोटा १,०५,६०३ कोटी. २०२३-२४ मध्ये ह्या व्यक्तींपैकी ७२ टक्क्यांहून जास्त लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. आपलीच गावं ही. तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं.

माझं मत विचाराल तर मुलीच्या प्रकल्पात बाजाराच्या आकाराचा हाही एक आकडा असला पाहिजे, परिशिष्टात नव्हे, मुख्य तक्त्यात. नोशनल, प्रीमियम, ओपन इंटरेस्ट, मार्जिन, आणि पाचवा रकाना: व्यक्तींच्या खिशातून निव्वळ किती गेलं.

पेठभाग | बुधवार, सकाळी ९:०५

सहमत. आणि भावाला सांभाळा दादा.

हरिपूरकर | बुधवार, सकाळी ९:३०

आईचं साठ आधी फेडा. बाकीचं हळूहळू. आमच्यातबी वायद्यात घर गेलेली माणसं होती, पण तवा निदान तोंडं ओळखीची असायची. कुणी जास्त उड्या मारायला लागला की दलालच त्याच्या बापाला सांगायचा.

मापाडी_यार्ड | बुधवार, दुपारी ३:१५

मॅडम, एक राहिलं. उलट्या बाजूचं. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, हरभरा धरून सात मालांचे वायदे थांबवले. जुने सौदे मिटले तशी सोयाबीनच्या वायद्याची उलाढाल शून्य झाली. पण आमच्या यार्डात सोयाबीन आलं ते आलंच, विकलं ते विकलंच. फक्त पुढच्या महिन्यात भाव काय राहील याचा अंदाज बघायला जो एक फलक होता तो गेला. अडते, शेतकरी दोघंही मला विचारायचे, आता बघायचं कुठं? उलाढालीच्या आकड्यावर बाजाराची उपयोगिता मोजली तर हेपण सुटतं. वायदा वाईटच असं धाग्यात वाटू नये म्हणून लिहिलं.

विश्रामबागकर | शुक्रवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद छापून तिच्या हातात दिले. कवठेमहांकाळ दादा, तुमची परवानगी विचारूनच तुमचा हिशेब घेतलाय, गाव आणि नातं दोन्ही काढून.

पहिल्या पानावरचं वाक्य तिनं खोडलेलं नाही, त्याच्याखाली दुसरं लिहिलंय: "ही नोशनल उलाढाल आहे, यातला किती पैसा प्रत्यक्ष हात बदलतो ते पुढच्या पानावर." बीएसई-एनएसईची बेरीज गेली. तक्त्यात पाच रकाने आलेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते लिहिलंय. कंपन्यांचे रोखे दर्शनी किमतीवर धरलेत हेही. परदेशातले सौदे धरलेले नाहीत हेही.

एक गोष्ट तिनं स्वतः केली. सीए काकांचा दीड हजार आणि पावणेएकोणीस लाख तिला आलेखात दाखवायचे होते. कागदावर मावेना. मग पिवळ्या कार्डशीटच्या पट्ट्या जोडून तिनं सव्वा मीटर लांबीची एक पट्टी केली, एक सेंटिमीटरला पंधरा हजार रुपये. ती नोशनल. तिच्याखाली प्रीमियमची पट्टी कापायला गेली तर ती यायची होती एक मिलिमीटर. कात्रीनं जमेना, म्हणून टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढली. वडिलांनी बेदाण्याच्या शेडमध्ये ती पट्टी दोन्ही हातांनी ताणून धरली होती म्हणे, आणि रेघ शोधायला चष्मा मागितला.

पट्टी फायलीत बसत नाही. गुंडाळून, रबर लावून आणलीय. उद्या सकाळी अकराला तोंडी परीक्षा.